कॉर्निशवरचे अनारसे

सुमेधानं आधी स्वतःची बोटं पुसली, मग पोराची. ओल्या टिश्यूनं, एकेक बोट धरून, नखांच्या कडेपर्यंत. मग तो टिश्यू तिनं शेजारच्याच कचराकुंडीत टाकला नाही, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली. समिधाच्या डोळ्यात तेवढंच भरलं. चार पावलांवर चकचकीत हिरवी कचराकुंडी असताना ही बाई खरकटा टिश्यू पर्समध्ये का ठेवते? "हेमचंद्र," सुमेधा म्हणाली. तोंड हसरंच ठेवलं होतं, कारण पलीकडच्या बाकावर माणसं होती. "ही खसखस आहे." हेमचंद्र म्हणजे समिधाचे भावोजी. ते म्हणाले, "हो मग, अनारसे आहेत. सासूबाईंनी पाठवलेत, घ्या ना अजून." ते घाईघाईनं म्हणाले, कारण सुमेधा म्हणजे त्यांच्या बॉसची, निनाद सरांची बायको. सुटीच्या दिवशी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या त्या लांबलचक फरसबंदी रस्त्यावर, ती अचानक भेटली म्हणून त्यांना धन्य धन्य झालेलं, आणि डबाही त्यांनीच उघडला होता. "इथे चालत नाही ती. ड्रग्जमध्ये धरतात," सुमेधा तशीच हसत म्हणाली. "आमच्या आधीच्या बिल्डिंगमधल्या बाईंना एअरपोर्टवरच थांबवलं होतं. एवढीशी पुडी होती हो, भाजीत घालायची. तुम्हाला तीन वर्षं झाली ना इथे? कुणी सांगितलं नाही?" आणि पोराचा दंड धरून ती चालायला लागली. पोरगं मागे बघत होतं. भावोजींची सहा वर्षांची मिहिका अर्धा अनारसा गालात धरून म्हणाली, "पप्पा, कॅन आय हॅव वन मोअर?" भावोजींनी वाकून तिच्या तोंडात बोट घातलं आणि तो अर्धा अनारसा बाहेर काढला, लहान बाळानं खडा गिळायला घेतला की काढतात तसा.

त्या ओल्या लगद्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. मुठीत धरून उभे राहिले. समोर समुद्र होता, इतका निळा की खोटा वाटावा. मागे काचेच्या इमारती, एकमेकींत तोंडं बघत उभ्या. सकाळपासून समिधाला हे सगळं आवडलं होतं, कुणाला बोलून दाखवलं नसलं तरी. ताईच्या पायांना सूज, आठवा महिना, म्हणून ती घरीच राहिली आणि म्हणाली, "अहो, तिला पायी फिरवा. गाडीतून काय दिसतंय, अबू धाबी बघायची तर पायी बघायची." पांढरा जुना किल्ला बघितला. त्याच्या भिंतीला हात लावला तर ऊन नव्हतीच, गार होती. भावोजी प्रत्येक गोष्टीची किंमत सांगत होते, दिरहममध्ये आणि लगेच रुपयांत, जणू किल्लासुद्धा विकायला काढलाय. हिला हसू येत होतं. डबा तिच्याच खांद्यावरच्या कापडी पिशवीत होता. आईस्क्रीमचा रिकामा डबा, वर रबर. सकाळपासून तो मांडीला लागत होता आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता भावोजींनी झाकण लावलं, रबर चढवलं आणि डबा तिच्याकडे दिला. स्वतःच्या पिशवीत नाही ठेवला. त्यांच्याकडेही सॅक होती, मोठी, त्यात पाणी होतं, मिहिकाचं जॅकेट होतं, आणि भरपूर जागा होती.

"चला," ते म्हणाले. "घरी जायचं. टॅक्सी नको, टॅक्सीत कॅमेरा असतो. बस नको. चालत जाऊ." मग थांबले आणि म्हणाले, "नॉर्मल चालायचं. फिरायला आलोय तसं." समिधाला वाटलं, आपण तर फिरायलाच आलोय.  दाढेत एक दाणा अडकला होता, तो तिला आत्ताच जाणवायला लागला. एकच दाणा. जीभ सारखी त्याच्यावर जात होती. पाच दिवस झाले होते येऊन आणि रोज दोन-दोन खाल्ले होते. म्हणजे ते आता पोटात नाही, रक्तात असणार. रक्त काढून बघत असतील का? बघत असतील तर ताईच्या रक्तात पण. आणि ताईच्या पोटातल्या त्याच्या?

समिधा निघायच्या आधी आई माणगावच्या घरात ओट्यापाशी उभी होती, कपाळाला तूप लागलेलं. तांदूळ तीन दिवस भिजवून, वाटून, गूळ घालून मुरवलेलं पीठ. पाटावर खसखस पसरायची, त्यावर गोळी ठेवून बोटांनी थापायची, आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. हसला की संपलं. अनारसा हसतो म्हणजे तुपात पडल्या पडल्या फुटून पसरतो, आणि आईचा चेहरा पडतो. त्या दिवशी एकही हसला नाही. फोन स्पीकरवर होता, ताई अबू धाबीहून बोलत होती: "आई, खसखस सढळ हातानं लाव गं. इथे कुठेच मिळत नाही. पाच दुकानं फिरले, इंडियन, पाकिस्तानी, सगळी. नुसते माना हलवतात." आई म्हणाली, "बघा, एवढं मोठं शहर आणि साधी खसखस नाही." सगळे हसले. समिधा पण हसली. दुकानदार नुसते माना का हलवतात, असं त्यात एकाच्याही मनात आलं नाही. मिळत नाही म्हणजे संपली असेल, महाग असेल, त्या लोकांना कळत नसेल. आपल्याकडे जी गोष्ट मिळत नाही ती बाहेरून कुणीतरी आणून देतं, त्यात काय एवढं. आईनं वरून आणखी पावशेर वेगळी बांधून द्यायला घेतली होती. समिधानंच ती पुडी पिशवीतून काढून ठेवली. मसाल्याचे डबे वाहायला मी हमाल आहे काय, म्हणून चिडून. ते तिला आत्ता आठवलं. विमानतळावर तिची बॅग त्या काळ्या पट्ट्यावरून आत गेली, बाहेर आली, पांढऱ्या झग्यातला तरुण अधिकारी पासपोर्ट परत देताना म्हणाला, "वेलकम." आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नीट वेलकम केल्यासारखं वाटलं होतं.

भावोजी पुढे चालले होते, मिहिकाचा हात धरून. मुठीतला लगदा त्यांनी कधी आणि कुठे टाकला ते तिच्यासारख्या पोरीलाही दिसलं नाही, आणि तिला तर सगळं दिसायचं. अकरावीत कॉलेज सुटलं तेही त्यामुळेच. अकाउंट्सचे सर पेपर तपासताना कुणाचे मार्क कसे वाढवतात ते तिनं बघितलं, आणि वर्गात उभी राहून बोलली. सर म्हणाले, सिद्ध कर. हिनं डस्टर फेकला. सिद्ध काही झालं नाही. तेव्हापासून घरात सगळे तिच्याशी जपून बोलायचे, गॅसच्या शेगडीजवळ वावरावं तसं. ताई म्हणाली, पाठव तिला माझ्याकडे, हाताशी कुणीतरी हवंच, इथे एखाद्या सलूनमध्ये कामाचं बघू. भावोजींनी व्हिसा काढला. एअरपोर्टवर घ्यायला आले तेव्हा आधी तिच्या हातातला पासपोर्ट घेतला. म्हणाले, "माझ्याकडे राहू दे, सुरक्षित राहील." तो त्यांच्या कपाटात होता. कपाटाला नंबरचं कुलूप होतं. हेही तिला दिसलं होतं, फक्त त्यात काही दिसण्यासारखं आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्यांनी फोन कानाला लावला. वारा तिच्या बाजूला होता, शब्द सगळे येत होते. "सर, हेमचंद्र बोलतोय. हो, भेटल्या ना आत्ता मॅडम. त्यासाठीच फोन केला. ती माझी साली आहे ना, व्हिजिटवर आलीय. गावाकडची आहे. तिनं आणलं ते. आम्हाला आयडियाच नव्हती, सर. नाही नाही, आम्ही कुणी हातसुद्धा लावला नाही. बॅगेतच होतं तिच्या, आज पहिल्यांदा उघडलं." थोडा वेळ ते नुसते ऐकत राहिले, मान हलवत. "हो सर. थँक यू सर. मी बघतो." काल संध्याकाळी चहात बुडवून त्यांनी चार खाल्ले होते. वर म्हणाले होते, सासूबाईंच्या हाताला तोड नाही. समिधाच्या डोक्यात सणक गेली. ती भरभर चालत त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, "खोटं कशाला बोललात?"

"हळू बोल."

"तुम्ही खाल्ले नाहीत?"

"समिधा, तुला समजत नाही," ते समोर बघतच म्हणाले. आवाज मऊ होता, तो जास्त वाईट. "माझी नोकरी गेली तर व्हिसा गेला. व्हिसा गेला तर तुझ्या ताईची डिलिव्हरी कुठे करायची? आठव्या महिन्यात विमानात पण घेत नाहीत. तू काय, व्हिजिटवर आहेस. लहान आहेस. तुला फार तर परत पाठवतील."

"फार तर म्हणजे?"

त्यांनी सॅकचा पट्टा ओढून घट्ट केला. मग म्हणाले, "तू जरा मागून ये. लांब राहून. मी फोन करतो, फोनवर राहा."

ती थांबली. ते पुढे गेले. मिहिकानं मागे वळून बघितलं, तर त्यांनी तिचं डोकं हातानं पुढे वळवलं आणि खाली वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं, बराच वेळ. मिहिका मान डोलवत होती. नवा खेळ सांगितल्यावर डोलवते तशी. मग समिधाचा फोन वाजला, ताईचा जुना फोन, आणि कानात भावोजींचा आवाज आला. "चालत राहा. डावीकडे बघ, ते पाच टॉवर दिसतायत ना, एकाच जागी उगवल्यासारखे? फोटो काढ. सगळे काढतात." तिनं फोटो काढला. टॉवर वाकडे आले. "आता समुद्राकडे बघ. तो लांब झेंडा दिसतो, ते बेट. तिथे मॉल आहे. त्या गोष्टीचं नाव फोनवर काढायचं नाही, कळलं?" "कुठल्या गोष्टीचं?" "हां, तसंच," ते म्हणाले. त्यांना वाटलं ही शहाण्यासारखी वागतेय.

असं शहर बघणं चालू झालं. आवाज कानात आणि माणूस लांब. तो सांगेल तिकडे मान वळवायची. सकाळी तिनं ज्या गोष्टी बघितल्या होत्या त्याच आता पुन्हा दिसत होत्या, पण त्याही हिच्याकडे बघत होत्या. दिव्याच्या प्रत्येक खांबाला वर कॅमेऱ्याचा काळा घुमट, त्याला डोळा नाही, म्हणजे सगळीकडे डोळा. हिरवळीवर पाणी मारणारा निळ्या कपड्यातला माणूस पाइप तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. सायकलवरून दोन पोलीस गेले. किती स्वच्छ कपडे, किती सावकाश चालवत होते. ते पुढे जाऊन भावोजींच्या बाजूनं गेले, आणि तिला दिसलं की भावोजींची पाठ ताठ झाली, मग त्यांनी मिहिकाला उचलून कडेवर घेतलं. पोरगं कडेवर असलं की माणूस चांगला दिसतो. फोनवर श्वास ऐकू येत होता. पोलीस गेल्यावर त्यांनी मिहिकाला खाली उतरवलं आणि आवाज आला, "उजवीकडे कारंजं आहे." एक बाई बाळाची गाडी ढकलत गेली. एक म्हातारा अरब खुर्ची टाकून बसला होता, मण्यांची माळ ओढत. तिला वाटलं त्या सगळ्यांना तुपाचा वास येतोय. तिच्या पिशवीतून, केसांतून, बोटांतून माणगावच्या घराचा वास सुटलाय आणि या धुतल्यासारख्या शहरात तो एकच वास आहे. या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. असतं तर त्याच्यापुढे डबा पालथा केला असता. माणगावात कुत्री कधी नाहीत असं होत नाही, मेली पायात येतात. हे असलं कसलं शहर की जिथे एक गोष्ट टाकायला कोपरा नाही.

"कुंडीत टाकू?" ती फोनवर म्हणाली.

"नको. कुंडीवर कॅमेरा असतो."

"मग समुद्रात?"

"वेडी आहेस का? लगेच पकडतात."

"मग करू काय?"

"घरी आण. फ्लशमध्ये टाकू. थोडे थोडे." मग थोडं थांबून, "किंवा तू बघ काय ते. मी सांगितलं नाही काही." आणि फोन बंद झाला. तिनं कानापासून काढून बघितला. बॅटरी होती. त्यांनी बंद केला होता.

तिला तेव्हा खरी भीती वाटली. आत्तापर्यंत तो सगळा गोंधळ होता, राग होता. आपल्याला या शहरात ओळखणारी तीनच माणसं आहेत, एक घरी पाय वर करून पडलीय आणि तिला काही माहीत नाही, आणि दोन ती तिकडे, हातात हात घालून लहान होत चाललीत. पासपोर्ट कपाटात. घराचा पत्ता तिला पाठ नव्हता, नुसतं खाली केरळी हॉटेल आहे एवढं ठाऊक होतं, आणि या शहरात केरळी हॉटेलाशिवाय बिल्डिंग कुठली? उद्या कुणी दार वाजवलं तर भावोजी काय म्हणतील, त्यातला शब्द न् शब्द तिनं आत्ताच ऐकला होता. साली आहे. गावाकडची आहे. तिनं आणलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ताई काय म्हणेल? ताई रडेल. ताई रडून रडून शेवटी, पोटावर हात ठेवून, भावोजी म्हणतील तेच म्हणेल. आई तिकडून फोनवर म्हणेल, तरी मी सांगत होते, पोरीचं लक्ष नसतं. समिधाला दिसायला लागलं की सगळे कसे हळूहळू, कुणी वाईट नसताना, तिच्यापासून एकेक पाऊल मागे सरकतील, आणि मध्ये ती उरेल, हातात आईस्क्रीमचा डबा.

ती कठड्यापाशी थांबली. खाली दगडांवर समुद्रपक्षी बसले होते, पांढरे, लठ्ठ. तिनं डबा काढला, रबर मनगटात चढवलं आणि एक अनारसा कुस्करून टाकला. पक्षी झेपावले. दुसरा टाकला. आणखी आले, डोक्यावर गोंगाट. मन एकदम हलकं झालं. हे कसं सुचलं नाही आधी, असं वाटतंय तोवर मागून शिट्टी वाजली. "मॅडम. मॅडम, बर्ड फीडिंग नॉट अलाउड."

गार्ड होता. खाकी शर्ट, टोपी, छातीवर नावाची पट्टी: मिथुन. सव्वीस-सत्तावीसचा असेल, गळ्याचं हाड वर आलेलं. तिनं झाकण लावायला घेतलं तर ते बसेचना. "इंडियन?" तो हिंदीवर आला. "अकेली हो? साथ में कौन है?" तिनं हात केला. भावोजी तिकडे थांबले होते. शिट्टी ऐकून थांबले असणार. गार्डनं तोंडापाशी हात धरून हाक मारली, "सर, आपकी फॅमिली है?" भावोजींनी ऐकलं. ते समुद्राकडे बघायला लागले, असं की जणू समुद्रात काहीतरी बुडतंय. मग मिहिकाच ओरडली, खणखणीत, शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात: "नो! वी डोन्ट नो हर!" आणि बापाकडे वर बघितलं, बरोबर केलं ना म्हणून.

गार्डनं एकदा तिकडे बघितलं, एकदा हिच्याकडे. तिचा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, कारण त्याचा आवाज एकदम खाली आला. "कोई बात नहीं. रोओ मत. फाइन नहीं मार रहा." ती रडत नव्हती. त्यानं डब्यात डोकावलं आणि त्याचं तोंड बदललं, उजळलंच. "अरे, ये तो अनरसा है." समिधा त्याच्याकडे बघत राहिली. "हमारे गया में बनता है. घर से आया?" तिनं मान हलवली. "चार साल हो गया नहीं खाया. माई बनाती है, सावन में." तो आणखी वाकला. त्याच्या कानामागे उन्हानं सोललेली कातडी तिला दिसली, शर्टाच्या कॉलरला घातलेला टाका दिसला, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा, स्वतःच घातलेला. "हम लोग तिल लगाते हैं ऊपर से. ये तिल ही है ना?"

पक्षी ओरडत होते. तिकडे भावोजी आता तिच्याकडे बघत होते, सरळ, आणि मिहिकाला त्यांनी पायाशी ओढून धरलं होतं. समिधाच्या तोंडाशी काहीतरी आलं. डस्टर फेकला तेव्हा आलं होतं तेच, तोंड उघडलं की सुटेल असं. सांगायचं एवढंच होतं की नाही, खसखस आहे, भाऊ, हात लावू नका. एवढं एक वाक्य. मग तो विचारेल, आणली कुणी? मग तो कमरेचा वॉकीटॉकी काढेल, किंवा काढणारही नाही, कुणी सांगावं. त्याची नखं स्वच्छ कापलेली होती. चार साल.

"हाँ," ती म्हणाली. "तिल है."

आणि मग पुढचं तिला ठरवावंच लागलं नाही, हातांनीच केलं. तिनं डबा त्याच्या हातात दिला. "आप रख लो, भैया. हमारे घर में बहुत है." तो नको नको म्हणाला, इकडेतिकडे बघितलं, मग डबा छातीशी धरला. "रूम में सात लोग हैं," तो म्हणाला. "सब बिहार के. पागल हो जाएँगे." त्यानं तिथेच एक उचलला, झाकण न लावताच, आणि अर्धा तोंडात घातला. डोळे मिटले. चार-पाच दाणे त्याच्या मिशीला लागले, तसेच राहिले.

ती चालायला लागली. पळायचं नाही, पळालं की दिसतं, हे कुणी न सांगता तिला कळत होतं. खांद्यावरची पिशवी एवढी हलकी झाली होती की ती मांडीला लागतच नव्हती. भावोजी जागेवरच उभे होते. ती जवळ आल्यावर त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग मागे लांबवर त्या खाकी शर्टाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण असा सुटला की ते दोन-चार वर्षांनी लहान दिसायला लागले. "हुशार आहेस," ते हळूच म्हणाले. "खरंच हुशार आहेस तू. यल्ला, चला." आणि या वेळी ते पुढे गेले नाहीत, तिच्या बरोबरीनं चालले, खांद्याला खांदा लावून, घरच्या माणसाबरोबर चालतात तसे. मिहिकानं मधे घुसून दोघांचे हात धरले.

मागून गार्डनं हाक मारली. "मॅडम! ओ मॅडम!" एकदा, मग पुन्हा. आभार मानायचे असतील. नाव विचारायचं असेल. किंवा आणखी काही. भावोजींची पाठ ताठ होती, तिला बघायची गरज नव्हती, कारण तिची स्वतःची पण तशीच होती. मिहिकाचं डोकं मागे वळायला लागलं. समिधानं हात ठेवून ते पुढे वळवलं.